निशाणातलं पांढरं कडं

रहाडीवरच्या फळ्या उचलल्या की आधी वास येतो, रंग नंतर. वर्षभर मातीखाली मिटून पडलेल्या दगडाचा, भिजून काळ्या झालेल्या सागाचा तो गार वास नाकात शिरला आणि मी चौकातल्या भिंतीला हात टेकला. रंगपंचमी तोंडावर आली होती. पोरं घमेली भरभरून माती काढत होती. जिच्यावरून वर्षभर रिक्षा, दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस जातात ती जागा हळूहळू चौकोनी विहिरीसारखी उघडी पडत होती.

ज्यांनी नाशिककडची रंगपंचमी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटात बांधलेला दगडी हौद, माणूस बुडेल एवढा खोल. एरवी तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो. सणाला उघडतात, रंगाच्या पाण्यानं भरतात आणि काठावरून त्यात उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. बाप बदलत नाही तसा तो बदलत नाही.

"काका, अर्थ झाला का लिहून?" समितीचा ओंकार अंगभर माती घेऊन समोर उभा. "नव्या कमानीच्या खांबावर कोरायचाय. ग्रॅनाइटवाला मागं लागलाय. निशाणातल्या एकेका रंगाची एकेक ओळ, बास. तुम्ही रंगातले माणूस."

रंगातला माणूस खरा. अंबडच्या एका कारखान्यात मी पेंटशॉप सांभाळतो. पत्र्याच्या दोन तुकड्यांत केसाएवढा फरक असला तरी मला दिसतो. पण गळ कुणाला घालतोय हे त्या पोराला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव शहरानं केव्हाच पोटात घेतलं. घरपट्टी शहराची, पाणी शहराचं. निशाण तेवढं गावाचं राहिलं. कमानीवर ते फडफडत होतं: वरचा पट्टा पिवळा, खालचा गुलाबी, मधोमध लाल गोल आणि त्या गोलात गावाचं चिन्ह, दोन कानांची कढई. लाल गोलाभोवती बोटभर पांढरं कडं. अर्थ लोकांच्या तोंडी तयारच आहे. पिवळा भरभराटीचा, गुलाबी मायेचा, लाल शौर्याचा, पांढरा शांततेचा. तेच लिहून दिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पेन खिशात होतं.

"देतो," एवढंच म्हणालो.

पिवळा म्हणजे आम्ही, वरची आळी. पळसाची फुलं पेठच्या डोंगरातून यायची. टोपल्यांतून येताना ती विस्तवासारखी दिसत आणि गच्चीवर आठवडाभर वाळली की वाघाच्या जिभेसारखी, खडबडीत आणि मळकट. मग ती कढईत पडत. त्या कढईत आम्ही लपाछपी खेळताना दोघं तिघं सहज मावत असू. खाली बाभळीची लाकडं, वर उकळी आणि उकळीला कडवट गोड वाफ. शेवटी हळद. पोतं फोडून हळद टाकली की आळीभर एक पिवळी शिंक फिरायची. म्हातारे, कुत्री, देवळातला गुरव, सगळे शिंकायचे आणि हसायचे.

रंगाचे मालक भिकादादा. काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्यांची नखं दिवाळीतही पिवळी असत. रंग झाला की नाही हे ते डोळ्यांनी पाहत नसत. बोट बुडवून जिभेवर टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "आणखी एक कढ."

गुलाबी म्हणजे खालची आळी. त्यांचा रंग कशाचा होता ते आम्हाला कधी कळलं नाही आणि विचारणं म्हणजे हार.

"काय रे पिवळ्यांनो, कावीळ झाली का?" ते खालून ओरडायचे.

"अन् तुम्ही रे? आईची नेलपॉलिश सांडली का अंगावर?" आम्ही वरून.

एवढ्यावर भागत नसे. फुग्यांत पाणी भरताना आम्ही आत खडी घालायचो. ते पिचकारीच्या नळीला टोक काढून आणायचे. दोन्ही आळ्यांची आपापली निशाणं होती, वेळूच्या काठ्यांना तेल पाजून लखलखीत केलेली, आणि मिरवणुकीत दोन निशाणं समोरासमोर आली की कुणाची काठी उंच यावरून मोठी माणसंसुद्धा दात पाडून घेत. सण सरला की शाळेत टाके घातलेली डोकी येत. मास्तर विचारायचे, "हा रंग आहे की रक्त?" आम्ही छाती काढून म्हणायचो, "दोन्ही."

पण एक रिवाज होता, आणि तो दोन्ही आळ्या पाळत. रहाड उघडताना समोरच्या आळीचा एक माणूस नारळ घेऊन यायचा. त्याच्या अंगावर तेवढा वेळ कुणी हात टाकायचा नाही. नारळ फुटला की मानाचा धप्पा. तो मान घराघरानं फिरायचा, एका वर्षी एका घराला. आपली पाळी केव्हा हे पोरांना स्वतःच्या वाढदिवसाआधी पाठ असायचं.

लाल आमच्या घरात होता. आई कुंकू घरी करायची. परातीत हळद, तिच्यावर चुन्याची निवळी थेंब थेंब. पहिल्या थेंबाला हळद दचकल्यासारखी व्हायची. पिवळ्याच्या पोटातून लाल वर यायचा. मी परातीच्या काठाला हनुवटी टेकून बसलेलो असायचो. आई म्हणायची, "बघ, हळदीला चुना भेटला की ती लाजते." शेजारच्या बायका वाट्या घेऊन येत. आमच्या घरचं कुंकू दिवसभर टिकतं म्हणत.

ज्या वर्षी आमच्या घराची पाळी होती त्या वर्षी थंडीत वडील गेले. आईनं परात धुऊन फळीवर पालथी ठेवली, ती पुन्हा उतरवली नाही. निवळीच्या मडक्याला भेगा पडल्या. मी मिसरूड फुटलेला घोडा, तरी परातीकडे पाहिलं की मान फिरवायचो.

वर्ष दुखवट्याचं. दुखवट्यातल्या घरानं रंग खेळायचा नाही, मान घ्यायचा नाही. भिकादादा दारात येऊन उभ्याउभ्या म्हणाले, "पोरा, यंदा पाळी पुढच्या घराला. वसंताला. तुझी परत येईल." परत येईल म्हणजे आळीतली सगळी घरं फिरून. मी मान हलवली. आई आतून म्हणाली, "बरोबर आहे दादा."

वसंता माझा जिवलग. एकाच सायकलवर आम्ही कॉलेजला जायचो, चढावर तो पायडल मारायचा. आखाड्यातला गडी, मानेचा घेर माझ्या मांडीएवढा. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला आनंद लपवता येत नव्हता. चेहरा पाडायचा प्रयत्न करत होता बिचारा. "तू म्हणत असशील तर मी नाही मारत," असंही म्हणाला.

"मार की," मी म्हणालो. "मला काय त्याचं."

त्याच आठवड्यात सुका आला होता. सुका खालच्या आळीतला चुना मारणारा, घरं पांढरी करून देणारा. वडिलांचं आजारपण ज्या खोलीत गेलं ती खोली आईला पांढरी करून हवी होती. त्यानं कळीच्या चुन्याची दोन पोती ओसरीवर आणून टाकली. पाणी न लागलेला, ढेकळांसारखा चुना. मी हात लावायला गेलो तर त्यानं मनगट धरलं.

"भाऊ, पाण्याबिगर शांत, पाणी लागलं की पेटतो ह्यो. भिजवाया मीच येईन. तू लांब राहा. डोळ्यात गेला तर डोळा घेऊन जातो, लय वाईट."

हे त्यानं मला सांगितलं होतं. मला ठाऊक होतं. बाकी कशाबद्दल तुम्ही माझी बाजू घेतलीत तरी एवढं लक्षात ठेवा.

रंगपंचमीला भर दुपारी आळी रिकामी झाली. सगळे निशाण आणायला देवळाकडे गेले होते, हलगीचा आवाज लांबून येत होता. रहाड रंगानं भरून वर फळ्या टाकून ठेवलेली. मी हातगाडीवर पोती आणली. दोन फळ्या सरकवल्या. खाली पिवळं पाणी, आरशासारखं स्थिर, त्यात माझं डोकं. पोती उपडी केली. आधी नुसता बुडबुडा. मग पाणी खदखदू लागलं, गरम वाफ तोंडावर आली आणि त्या वाफेत मला आमच्या परातीचा वास आला. फळ्या मी तशाच ओढून घेतल्या. वसंताच्या मानाच्या दिवशी रहाडीचा रंग बदललेला निघावा, आळीनं कपाळाला हात लावावा, धप्पा रद्द व्हावा. एवढंच डोक्यात होतं. पोती घरी नेऊन चुलीत जाळली.

संध्याकाळची उन्हं तिरपी झाली होती तेव्हा रहाड उघडली. गच्च्या बायकांनी भरलेल्या. नारळ घेऊन खालच्या आळीतून सुकाच आला होता, धुतलेला सदरा, डोक्याला गुलाबी रुमाल. भिकादादांनी पहिली फळी उचलली आणि ती त्यांच्या हातातून निसटली.

आत लाल होतं. काळपट, दाट, कुंकवाचं.

मी ज्याची वाट पाहत होतो ते झालं नाही. एका म्हातारीनं वरून आरोळी ठोकली, "आईनं कुंकू दिलं गं!" आणि सगळी आळी एका दमात, "सप्तशृंगी मातेचा जय!" बायका गच्चीवरून फुलं टाकायला लागल्या. हलगी पेटली. भिकादादा, जे जिभेवर टेकवल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवत नसत, ते गुडघ्यावर बसून हात जोडून रडत होते. आमच्या आळीला दैवी कौल मिळाला होता.

तेवढ्यात सुका ओरडला. नाक वर करून त्यानं हवा हुंगली, नारळ टाकला आणि दोन्ही हात पसरले. "थांबा! थांबा! चुना हाय ह्यो! उडी मारू नका!"

हलगीत त्याचा आवाज बुडाला. जे जवळ होते ते हसले. "खालच्यांच्या पोटात दुखतंय."

वसंता काठावर उभा होता, उघडाबंब, कपाळाला भंडारा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. गर्दीत मला शोधून पाहिलं. मी तीन हातांवर होतो. माझ्या तोंडात तो शब्द होता. जिभेवर होता, दाताशी आला होता.

वसंतानं उडी घेतली.

त्याच्यामागून आणखी चार पोरं. तळाशी बसलेला पांढरा गाळ वर उसळला आणि लालात दुधाच्या धारा फिरल्यासारख्या झाल्या. किती सुंदर दिसत होतं ते. मग वसंता वर आला. डोळे उघडायला त्यानं हात नेले आणि असा ओरडला की हलगीवाल्याची काडी हवेत थांबली. माणसाचा तो आवाज नव्हता, डाग दिलेल्या बैलाचा होता. बाकीची पोरं आंधळी होऊन एकमेकांना धरत, एकमेकांना पाण्याखाली दाबत वर यायची धडपड करत होती. बाहेर ओढली तेव्हा अंगाची सालं निघत होती. कुणी तूप आणलं, कुणी दूध, कुणी गुलाबपाणी. वसंताच्या डोळ्यांत तूप चोळलं. कळशीभर साधं पाणी कुणी ओतलं नाही. पुढं अंबडला नोकरीच्या पहिल्या दिवशी मला डोळे धुवायचा नळ दाखवला, वर पाटी होती: रसायन गेल्यास लगेच वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवा. मी ती पाटी वाचली आणि तिथंच ओकलो. लोकांना वाटलं, पेंटचा वास सहन झाला नाही.

भिकादादांनी बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं, थुंकले. "चुना."

मग कुणीतरी म्हणालं, "मघाशी चुना म्हणून कोण बोंबलत होतं?"

सुका पळाला नव्हता. तो वसंताशेजारी बसून ओरडत होता, "तूप नका, पानी घाला, पानी." त्याला केसांना धरून उठवलं.

"तुला कसं कळलं रे चुना आहे?"

"वास येतो दादा. रोजचं काम हाय माझं."

"रोजचं काम. ऐकलं का? रोजचं काम!"

निशाणाची काठी पहिली कुणी उपटली ते आठवत नाही. पिवळं कापड तसंच तिला लटकत होतं. तेल पाजलेला वेळू माणसाच्या अंगावर वाजतो तेव्हा ओला फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. ज्याच्या अंगावर हात टाकायचा नाही असा बापजाद्यांचा रिवाज होता त्याला आम्ही चौकात उलटासुलटा केला. मग खालून त्यांची माणसं आली, त्यांच्याही हातात निशाणाच्या काठ्या. दुकानांच्या फळ्या निघाल्या, कोयते निघाले, रॉकेलचे डबे निघाले. कुणाचा कान रस्त्यात पडला होता आणि एक कुत्रं त्याच्याभोवती फिरत होतं. पिवळ्या अंगावरचं रक्त केशरी दिसायचं आणि गुलाबी अंगावरचं दिसायचंच नाही.

त्या धुमश्चक्रीत सुका माझ्या पायाशी आला. सरपटत. डोक्याचा गुलाबी रुमाल गळ्यात लोंबत होता. त्यानं मान वर केली, मला ओळखलं आणि त्याच्या डोळ्यांत हिशोब जुळताना मी पाहिला. माझ्या ओसरीवरची पोती त्यानंच टाकली होती.

"भाऊ," तो म्हणाला. "तुझ्या घरचा…"

माझ्या हातात काठी होती. मी ती त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. जबडा तुटल्याचं तळहाताला कळलं.

सुका जगला. बोलणं मात्र गेलं, आणि लिहिता त्याला येत नव्हतंच. चावायला येत नव्हतं म्हणून बायको पातळ कालवून पाजायची म्हणे. पोलिस आले, केस झाली. त्याच्याकडून फक्त घरघर यायची, तिचा अर्थ प्रत्येकानं आपल्या सोयीनं लावला. बायकापोरं घेऊन तो विंचूरकडे निघून गेला, तिकडंच मेला. मरताना तो गावाचा गुन्हेगार होता.

पुढच्या वर्षी दोन्ही आळ्यांतल्या शहाण्या माणसांनी शांतता समिती केली. वेगळी निशाणं बंद, गावाचं एकच. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी ते जोडून दिलं. पिवळा वरच्यांचा, गुलाबी खालच्यांचा. मध्ये लाल घेतला, वरचे म्हणाले देवीच्या कुंकवाचा, खालचे म्हणाले सांडलेल्या रक्ताचा, भांडण नको म्हणून शौर्याचा ठरला. लाल उठून दिसेना तेव्हा मास्तरांनी भोवती पांढरं कडं काढलं. त्या दिवसापासून दरवर्षी मी त्याला हात जोडत आलो.

आणि डोळे गेलेल्या वसंताचा हात धरून चालत आलो. त्याला देवळात नेणं, पेपर वाचून दाखवणं, दाढी करून देणं. त्याची आई मरताना माझा हात त्याच्या हातात देऊन गेली. "असा मित्र कुणाला मिळत नाही," लोक म्हणतात. बायकोला वाटतं मी देवमाणूस आहे.

ओंकारनं अर्थ मागितला त्याच संध्याकाळी मी वसंताकडे गेलो. कमानीलगत त्याचं छोटं दुकान आहे, बिड्या, गोळ्या, नारळ. निशाण चढवायचा मान त्याचा असतो. गुरफटलेली दोरी मांडीवर घेऊन तो बोटांनी गाठी सोडवत होता. गालात तंबाखू, शेजारी चुन्याची डबी.

"आला का पंडित? काय लिहिलं? बघू, शौर्य बिर्य नीट टाक. शौर्यवाला मी आहे."

"वसंता, तो चुना मी टाकला होता."

त्याची बोटं गाठीवर थांबली.

"कोणता?"

"तोच."

मी सगळं सांगितलं. परात, पाळी, पोती, वाफ. तो शब्द दाताशी आला होता तेही. तो दोरीकडे पाहिल्यासारखा बसून होता. मग त्याचा हात आला. आंधळ्याचा हात चुकेल असं तुम्हाला वाटेल. माझी दाढी, माझे खांदे, त्याला सगळं पाठ आहे. त्यानं गळा धरला, मला गल्ल्यावरून आत ओढलं, बरण्या फुटल्या, गोळ्या घरंगळल्या. दोरीचा पदर करून तो मला मारत होता, तोंडावर, कानावर, डोळ्यांवर. डोळ्यांवर मुद्दाम. मी हात आडवा घातला नाही.

"पेपर वाचून दाखवत होतास मला!" प्रत्येक फटक्याला एक. "लग्नात माझ्या करवला होतास! दाढी करत होतास, साल्या, वस्तरा होता तुझ्या हातात, तेव्हा तरी मोकळं करायचं होतंस!"

दमला तेव्हा खाली बसला. माझ्या ओठाचं रक्त त्याच्या मुठीला लागलं होतं, त्यानं ते पायजम्याला पुसलं.

"सुकाचं तोंड कुणी फोडलं?"

"मीच."

तो थुंकला. लांबवर. मग म्हणाला, "वाच. काय लिहिलंय ते."

"लिहिलं नाही. पिवळा हळदीचा, गुलाबी सुकाच्या रुमालाचा, लाल तुझा. आणि पांढरा…"

"पांढरा?" त्याची मान वळली. "निशाणात पांढरा कुठंय?"

इतकी वर्षं तो ते निशाण चढवत होता. लाल गोलाभोवती कडं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"त्याच्या बायकोला सांग," तो म्हणाला. "मग गावाला. तोवर माझ्या दारात पाऊल टाकू नको."

विंचूरला कांद्याच्या शेडमध्ये सुकाची बायको, यमुनाबाई, कांदा निवडत बसल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं गुलाबी सालं उडत होती, त्यांच्या पांढऱ्या केसांत अडकत होती. सुजलेलं तोंड घेऊन मी समोर बसलो, नाव सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "त्यांला बोलता येत नव्हतं, पर बोट तर करता येत होतं. एकदा शेजारनीनं हळद आन् चुना एक केला, तर ते बोट दाखवत राहिले, दाखवत राहिले. मग तुमच्या गावच्या रस्त्याकडं. तुमच्या ओसरीवर पोती टाकल्याचं मला ठाऊक व्हतं. मी समजले."

"मग तुम्ही…"

"कोन ऐकनार व्हतं आमचं?" सडका कांदा त्यांनी बाजूला फेकला. "हितं सांगून तू हलका व्हशील. मला काय त्याचं? माझी नात लग्नाची हाय. तिला अजून म्हनत्यात, चुनेवाल्याची. तिथं सांग, चौकात. मी येऊन उभी राहीन. खुर्ची नको मला तुमची."

काल रंगपंचमी झाली.

चौक भरला होता. मोबाइल वर धरलेले हात, गच्च्यांवर बायका, कमानीच्या खांबावर काळा ग्रॅनाइट कोरा. वसंतानं निशाण चढवलं आणि कुणाचा हात न धरता मागे सरून उभा राहिला. गर्दीच्या टोकाला यमुनाबाई होत्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला, शेजारी एक उंच मुलगी. ओंकारनं माईक दिला. "आता काका आपल्याला निशाणाचा अर्थ सांगतील." टाळ्या.

तोच शब्द आला. पुन्हा तसाच, दाताशी.

पूजेच्या ताटातली चिमूटभर हळद मी डाव्या तळहातावर घेतली. वसंतापाशी गेलो. त्यानं चुन्याची डबी पुढं केली. अंगठ्यानं मी दोन्ही मळलं. हळद दचकली, आणि लाल आला. मी तळहात उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"अगंबाई, कुंकू!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. तिनं हात जोडले. मागून कुणीतरी "सप्तशृंगी मातेचा" म्हणालं आणि चौकानं "जय" केला. म्हातारी उठली, माझ्या तळव्याकडे बोट नेलं, ते कपाळाला लावणार होती. मागची पोरं रहाडीच्या काठावर सरकली.

मी तिचं मनगट धरलं.

"थांबा," मी म्हणालो. माईक तोंडाशी नव्हता. तरी आवाज पोचला असावा, कारण टोकाला यमुनाबाईंनी पदर मागे सारला आणि वसंतानं मान माझ्याकडे वळवली.

"थांबा. चुना आहे हा."